तीन लाखांत ट्रॅकची गाडी: भाच्याच्या स्विफ्टचं अख्खं प्रकरण

हे लिहायचं बरेच दिवस राहिलं होतं. मधे दोघातिघांनी विचारलं की ट्रॅकवर चालवायला स्वस्तातली गाडी कुठली घेऊ, आणि दर वेळी मी तेच तेच सांगत बसतो, म्हणून आता एकदाच भाच्याच्या गाडीचं सगळं प्रकरण हिशोबासकट मांडतो. आकडे त्याच्या वहीतले आहेत, ती वही ठेवायला मीच लावली होती आणि त्यावरून त्याने मला बऱ्याच शिव्याही घातल्यात.

आधी माझं सांगतो. मी काही रेसर नाही. दहाबारा ट्रॅक डे केलेत, म्हणजे पैसे भरून आपली गाडी रेसच्या ट्रॅकवर चालवायचा दिवस, चेन्नईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आणि कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे हे दोन बऱ्यापैकी माहितीतले, त्यापलीकडे माझी पात्रता म्हणजे वीस वर्षं जुन्या गाड्या घेऊन पस्तावणं एवढीच.

भाचा २६ वर्षांचा, चाकणला कंपनीत नोकरी. कोल्हापूरला मोहित्यांच्या ट्रॅकवर चारपाच वेळा गो-कार्ट चालवलेली आणि घरी कॉम्प्युटरवर स्टिअरिंग लावून रात्ररात्र रेसिंग. २०२२ च्या गणपतीत घरी आला आणि आरती झाल्या झाल्या म्हणाला, "मामा, मला ट्रॅकसाठी गाडी घ्यायचीय, तीन लाख जमवलेत." माझी ताई तिथेच मोदकाचं ताट घेऊन उभी. तिने माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतंय.

त्याच्या डोक्यात पोलो जीटी टीएसआय पक्की बसलेली. गाडी मस्तच आहे, वाद नाही, १०५ बीएचपी, टर्बो, डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. पण तीन लाखांत जी मिळणार ती भरपूर पळालेली मिळणार, आणि त्या गिअरबॉक्सचं किंवा टर्बोचं काम निघालं तर अर्धं बजेट तिथेच जातं. मी त्याला एकच प्रश्न विचारला, की ही गाडी तू उद्या भिंतीवर घातलीस तर परवा सकाळी कामावर जाशील की रडत बसशील? तो गप्प. ट्रॅकवर वापरलेली गाडी इन्शुरन्समध्ये बसत नाही हे त्याला माहीतच नव्हतं. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत ऑर्गनाइज्ड रेसिंग, स्पीड टेस्टिंग असला वापर सरळ वगळलेला असतो, कागद काढून वाचा, वापराच्या मर्यादा म्हणून लिहिलेलं असतं. म्हणजे ट्रॅकवर गाडी गेली की गेली, तुमच्या खिशातून. त्यामुळे पहिली चाळणी हीच लावली, गाडीची अख्खी किंमत बुडाली तरी चालेल अशीच गाडी. तीन लाखांतले सव्वा लाखाच्या वर गाडीला द्यायचे नाहीत असं ठरलं.

मग सुरू झाली शोधाशोध. जुनी होंडा सिटी १.५ व्हीटेक, २००० ते २००३ मधली, १०६ बीएचपी, ते इंजिन वर फिरवलं की जे गातं त्याला तोड नाही. पण चांगली राहिलेली गाडी शौकिनांच्या हातात, ते एक तर विकत नाहीत किंवा सोन्याच्या भावात विकतात, आणि एक हेडलाइट फुटला तर महिनाभर शोधत फिरा. एस्टीम बघितली, हलकी, ८५ बीएचपीचं १.३ इंजिन, आपल्याकडे रॅली आणि सर्किट दोन्हीकडे वर्षानुवर्षं घासलेली गाडी. दोन एस्टीम प्रत्यक्ष बघायला गेलो, एकीच्या फूटमॅटखाली बोट घातलं तर बोट खाली रस्त्याला लागलं. दुसरीची डिकी उघडली तर आत पावसाचं पाणी. बलेनो १.६ पण मनात होती, तिचंही तसंच, वय झालं बिचारीचं.

शेवटी आलो पहिल्या पिढीच्या स्विफ्टवर. २००५ ते २०१० मधली, १.३ पेट्रोल, १२९८ सीसी, ८७ बीएचपी. हे इंजिन म्हणजे एस्टीमच्याच घराण्यातलं, मारुतीच्या कुठल्याही मिस्त्रीने डोळे मिटून उघडावं असं. वजन हजार किलोच्या आसपास, सस्पेन्शन पुढे स्ट्रट मागे बीम, ब्रेक पुढे डिस्क मागे ड्रम, सगळं साधं. आणि मुख्य म्हणजे पार्ट सातारा, कराड, बेळगाव कुठेही रविवारी दुपारीसुद्धा मिळतो. हे शेवटचं कारण ऐकायला बावळट वाटतं, पण पुण्यापासून १२०० किलोमीटरवर ट्रॅक असताना याच्याइतकं मोठं दुसरं कारण नाही.

गाडी मिळाली साताऱ्याला, जून २००८ चं पासिंग, व्हीएक्सआय मॉडेल, एक लाख पाच हजार किलोमीटर, एकच मालक, निवृत्त शिक्षक. एबीएस नाही. बघताना काय बघितलं ते सांगतो कारण बरेच जण इंजिनच ऐकत बसतात. बोनेटच्या आतले एप्रन म्हणजे इंजिनच्या दोन्ही बाजूंचे पत्रे, दाराचे पिलर, आणि डिकीतलं स्टेपनीचं भांडं. एप्रनवर कंपनीचे स्पॉट वेल्ड टिकल्यांसारखे सलग दिसले पाहिजेत, तिथे पुट्टी किंवा हाताने ओढलेला सीलर दिसला की गाडी ठोकलेली, मग अलाइनमेंट कितीही करा, गाडी ट्रॅकवर एकीकडे ओढणार. बोनेटच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे आहेत का ते बघितलं. ऑइलचं झाकण उघडून आत पांढरट मलई आहे का ते बघितलं. इंजिन गार असताना स्टार्ट केलं, गरम करून ठेवलेली गाडी दाखवली तर तिथूनच परत फिरा. मास्तरांची गाडी स्वच्छ होती, पुढचा डावा शॉकअप तेवढा गळत होता आणि खड्ड्यात खालून खडखड येत होती, म्हणजे लोअर आर्मचे बुश गेलेले. १ लाख ३० म्हणत होते, १ लाख १५ ला सौदा झाला. नाव ट्रान्सफर आणि इन्शुरन्स धरून १,२४,५००.

मग गाडी गेली आमच्या मिस्त्रींकडे. मिस्त्री मूळचे फलटणकडचे, कमी बोलतात. टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर, थर्मोस्टॅट, रेडिएटरचे पाइप, कूलंट, पुढचे दोन्ही शॉकअप, लोअर आर्म, इंजिनचं एक माउंटिंग, ड्राइव्हशाफ्टचे बूट, ऑइल, प्लग. ४६,००० झाले. यात एक रुपयाही गाडी फास्ट करायला गेलेला नाही, फक्त ती २००८ साली शोरूममधून निघाली तशी झाली. इथपर्यंत सगळं बरोबर चाललं होतं.

आणि इथे मी दोन महिने कामासाठी बाहेर गेलो.

परत आलो तेव्हा गाडीचा आवाज गल्लीच्या तोंडाशीच ऐकू आला. भाच्याने कुठल्याशा दुकानात जाऊन मोठ्या पाइपचा सायलेन्सर, उघडा एअर फिल्टर आणि गाडी खाली बसवायची म्हणून स्प्रिंगा कापून घेतल्या होत्या. हो, कापून. नव्या लोअरिंग स्प्रिंगांचे पैसे जास्त म्हणून दुकानदाराने आहे त्याच स्प्रिंगांची दीडदीड वेटोळी ग्राइंडरने उडवली. सगळ्याचे मिळून ३४,०००. "मामा, कसली दिसतेय बघ ना!" दिसत होती खरंच भारी. मी म्हटलं ब्रेकचं काय केलंस? म्हणाला मिस्त्रींनी बघितले, पॅड निम्मे शिल्लक आहेत. ब्रेक ऑइल? ते त्या दुकानवाल्याने वरून थोडं टॉपअप करून दिलं.

इथे चूक माझी पण आहे, ती लिहितो. मला माहीत होतं की ब्रेक ऑइल बदललेलं नाही. पण डिसेंबरचा ट्रॅक डे बुक झालेला, सुट्टी टाकलेली, आणि मी मनात म्हटलं पहिलीच वेळ आहे, हा काय एवढा जोरात चालवणारे, चाललं तर चालू दे. चाललं नाही.

पुण्याहून पहाटे चारला निघालो. निपाणी, बेळगाव, हुबळी, रात्री उशिरा बंगळूरच्या पुढे होसूरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी सेलमवरून कोइंबतूर. खाली बसवलेली गाडी हुबळीपर्यंतच्या प्रत्येक गतिरोधकाला तिरकी घालावी लागत होती आणि त्या सायलेन्सरच्या घरघरीने माझं डोकं दोन दिवस दुखत राहिलं. ट्रॅक शहराबाहेर चेट्टीपाळयमला आहे, २.१ किलोमीटरचा, २००३ साली सुरू झालेला, एस. करिवर्धन यांच्या नावाचा, ज्यांनी मारुती ८०० चं इंजिन घालून फॉर्म्युला मारुती ही रेसकार बनवली ते. लहान ट्रॅक आहे, चौदा वळणं, नवख्याला चुका करायला चांगला.

पहिलं सेशन, वीस मिनिटं. पहिल्या दोन फेऱ्या पाहुण्यासारखा फिरला. तिसऱ्या फेरीत एका लांब उजव्या वळणात, गाडी पूर्ण झुकलेली असताना, त्याला वाटलं आपण फार वेगात आलोय आणि त्याने ॲक्सिलरेटर एकदम सोडला. गाडीचं मागचं टोक गरकन बाहेर, गाडी अख्खी फिरली, दोन चाकं गवतात, धूळच धूळ. लागलं काही नाही, पण आत आला तेव्हा तोंड पांढरंफटक.

हे का झालं ते नीट समजून घ्या कारण स्प्रिंगा कापण्याची फॅशन अजून गेलेली नाही. वळणात ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात, हे पुढून ओढणाऱ्या कुठल्याही गाडीत होतं. पण सस्पेन्शनला खाली दबायला जागा असेल तर हे हळूहळू होतं, चालवणाऱ्याला सीटमधून कळतं, सावरायला अर्धा सेकंद मिळतो. स्प्रिंग कापली की ती जागाच जाते, गाडी झुकली की सरळ रबराच्या ठोकळ्यावर बसते, बंप स्टॉप म्हणतात तो, आणि त्यावर बसली की त्या कोपऱ्याला सस्पेन्शन उरत नाही, टायर पकडीतून एकदम सुटतो. सावध न करता सुटतो. मुरलेला ड्रायव्हर यातूनही काढेल, नवख्याला ते मिळणारच नाही. संध्याकाळी मागचे ठोकळे काढून बघितले तर एकाचा पार चुरा झालेला.

दुसऱ्या सेशनला मी तिथल्या एका अनुभवी प्रशिक्षकाला विनंती केली की तीन फेऱ्या तुम्ही ही गाडी चालवा, भाचा शेजारी बसेल. तीच गाडी, तेच १६५ चे बारीक टायर, त्याच कापलेल्या स्प्रिंगा. त्यांची वेळ भाच्यापेक्षा पाच सेकंदांनी कमी. आणि शेजारी बसलेला माणूस वजनाला जास्तच की! ते उतरताना एवढंच म्हणाले की ब्रेक खाली चाललाय, सांभाळा.

भाच्याने ऐकलं असं दाखवलं, सेशनमधला वेळ शिल्लक होता म्हणून लगेच परत गेला, आणि नवव्या फेरीला सरळ रस्त्याच्या शेवटी पाय ठेवला तर पेडल सरळ तळाला. त्याच्याच शब्दांत, "जिना उतरताना पायरी नसावी तसं." दोनतीनदा भराभर पंप केल्यावर थोडा ब्रेक लागला, बाहेरच्या मोकळ्या पट्ट्यात जाऊन थांबला. पुढे दोन सेशन बाकी होती, ती आम्ही झाडाखाली बसून दुसऱ्यांच्या गाड्या बघण्यात घालवली. अख्ख्या वारीचा खर्च ३१,००० रुपये, नऊ फेऱ्या. फेरीला ३,४४४ रुपये पडले. वहीत त्याने हा आकडा स्वतःच काढून त्याखाली दोन रेघा मारल्यात.

पुण्याला परत येताना घाटात मी चालवली, आणि गार झाल्यावर पेडल बऱ्यापैकी परत आलं होतं तरी प्रत्येक उताराला पोटात गोळा. खरं तर तिथेच कोइंबतूरला ऑइल बदलून घ्यायला हवं होतं, पण रविवार संध्याकाळ, सोमवारी ऑफिस, नेहमीचा मूर्खपणा.

मिस्त्रींनी मागच्या डाव्या चाकाच्या ब्लीडिंगच्या, म्हणजे जुनं ऑइल काढायच्या, निपलला पारदर्शक नळी लावली, दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत, भाच्याला आत बसवून पेडल दाबायला लावलं. नळीतून जे आलं ते बघून मिस्त्री पहिल्यांदाच सलग दोन वाक्यं बोलले. "हे काय ब्रेक ऑइल न्हाई. हा टपरीवरचा चहा हाय." खरंच तो रंग. नवं ऑइल फिकट पिवळसर असतं, जवळपास पाण्यासारखं. बाटलीत मग एकामागून एक बुडबुडे यायला लागले.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं, गाडीतल्या झाकण लावलेल्या डबीतसुद्धा, रबरी पाइपातून सुद्धा. डॉट हा त्याच्या दर्जाचा आकडा. नवं डॉट ३ कमीत कमी २०५ डिग्रीला उकळतं, ओलावा प्यायलेलं १४० ला. डॉट ४ नवं २३०, मुरलेलं १५५. डॉट ५.१ नवं २६०, मुरलेलं १८०. आता हिशोब बघा, स्विफ्ट माणसासकट अकराशे किलो धरा, १३० वरून ६० ला आणायची म्हणजे साडेपाच लाख ज्यूलच्या वर ऊर्जा चारपाच सेकंदांत जिरवायची, पावणेदोन लिटर थंड पाणी उकळीला येईल एवढी. थोडी हवा खाते थोडी इंजिन खातं, बाकी सगळी ब्रेकमध्ये, त्यातही बहुतेक पुढच्या दोन डिस्कांत. आणि हे दर फेरीला तीनचार वेळा, मधे गार व्हायला काही सेकंद. रस्त्यावर आपण असा ब्रेक महिन्यातून एकदा मारतो. चाकाजवळ पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमधलं ऑइल उकळलं की त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पायातला सगळा जोर वाफ दाबण्यात जातो. पॅड निम्मे शिल्लक होते हे खरंच होतं, पण त्याचा इथे काही संबंधच नव्हता.

म्हणून कामाची दुसरी खेप अशी झाली. पुढच्या नव्या डिस्क, चांगल्या कंपाउंडचे पॅड, नवे रबरी ब्रेक पाइप, कॅलिपरचं किट, आणि पूर्ण सिस्टिम धुऊन डॉट ५.१. मिळून १३,५००. इथे एक सांगून ठेवतो, ५.१ हे डॉट ४ च्याच जातीचं आहे, पण नुसतं डॉट ५ लिहिलेलं असतं ते सिलिकॉनचं, ते आपल्या सिस्टिममध्ये घालायचं नाही, नावं अशी ठेवणाऱ्याला काय म्हणावं. स्प्रिंगा ओरिजिनल मापाच्या, सेकंडहँड, बंप स्टॉपसकट ४,०००.

टायर. मूळचे १६५/८० आर १४, मायलेजसाठी ठीक. आम्ही १८५/७० आर १४ घातले, कारण याच स्विफ्टच्या वरच्या झेडएक्सआय मॉडेलला कंपनीने तेच माप दिलेलं होतं, व्यासही जवळजवळ तोच राहतो, स्पीडोमीटर फार खोटं बोलत नाही. चार टायर १८,४००. भाच्याला सेमी-स्लिक, म्हणजे कमी नक्षीचे जास्त पकडीचे टायर, हवे होते. मी नाही म्हटलं आणि त्यावर मी अजून ठाम आहे. जास्त पकडीचा टायर नवख्याच्या चुका लपवतो, आणि सुटतो तेव्हा जास्त वेगात सुटतो. साधा टायर आधी ओरडतो. ते ओरडणं ऐकायला शिकायलाच तर एवढ्या लांब जायचं.

सीट. स्विफ्टच्या सीटवर वळणात माणूस घसरतो, मग तो स्टिअरिंगला लटकतो, आणि लटकलेल्या हातांना टायर काय सांगतायत ते कळत नाही. सेकंडहँड बकेट सीट ८,००० ला मिळाली, बेल्ट मात्र कंपनीचाच तीन पॉइंटचा ठेवला. चार पॉइंटचा हार्नेस, म्हणजे दोन्ही खांद्यांवरून येणारा पट्टा, घेऊ का म्हणून तो मागे लागलेला. रोल केज, म्हणजे आतला लोखंडी पाइपांचा पिंजरा, नसलेल्या गाडीत तो लावला आणि गाडी उलटली तर छत खाली येतं पण तुम्ही ताठ बांधलेले राहता, बाजूला कलंडायलाही येत नाही. आणि रोल केज घालून रोज रस्त्यावर बिनहेल्मेटचं फिरणं म्हणजे डोक्याशेजारी लोखंडी पाइप घेऊन फिरणं. गाडी चालवत नेऊन चालवत आणायची असेल तर दोन्ही नको. त्यापेक्षा साधी युक्ती, सीट एक खाच मागे सरकवा, बेल्ट झटका देऊन लॉक करा, मग सीट पुढे घ्या, कमरेला घट्ट बसतो. हेल्मेट आधीच घेतलेलं होतं, १५,०००, कार रेसिंगच्या रेटिंगचं, बाइकचं नाही.

फेब्रुवारी २०२३ ला परत गेलो. या वेळी गाडीत एक टायर प्रेशरचा स्वतःचा मीटर, एक लिटर इंजिन ऑइल, ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली, टॉर्क पाना आणि शाळेतला पांढरा खडू. खडूचं सांगतो. टायरच्या कडेला, जिथे नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते, तिथे खडूची आडवी रेघ ओढायची. तीनचार फेऱ्या मारून या आणि बघा. रेघ भिंतीवरूनही पुसली गेली असेल तर टायर लोळतोय, हवा कमी. नक्षीवरची पण पूर्ण शिल्लक असेल तर हवा जास्त. आम्ही गार टायरला ३० ठेवली, आत आलो तेव्हा पुढची ३७ झालेली, पुढचा डावा हाताला चटका देईल इतका गरम. पुढची ३३ वर आणली आणि पुढच्या सेशनला तो स्वतःहून म्हणाला, "मामा, गाडी आता नाक लावते," म्हणजे वळवली की पुढून लगेच वळते. पैसे शून्य. ८७ बीएचपीत सायलेन्सरने काय भर घातली ते आजतागायत कळलेलं नाही, खडूने काय केलं ते एका सेशनमध्ये कळलं.

नियम ठरवलेले होते. एका दमात पाच फेऱ्या, सहावी फेरी ब्रेक न मारता गार करायची, मग आत. आत आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गरम ड्रमवर मागचे लायनर दाबून ठेवायचे नाहीत, गाडी गिअरमध्ये टाकून चाकाखाली वीट. दर वेळी बोनेट उघडून ऑइलची डिपस्टिक. लांब वळणात ऑइल एका बाजूला जातं, म्हणून पातळी वरच्या खुणेला ठेवायची. दिवसअखेर जवळपास पाव लिटर टाकावं लागलं, एवढं चालतं. चाकांचे नट ८५ न्यूटन मीटरला, पान्यावर उभं राहून नाही.

एकदा चाकं लॉक केली, एबीएस नाही ना, पुढच्या टायरवर रुपयाएवढा सपाट डाग पडला आणि परत येताना ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थडथडत राहिलं. बाकी काही नाही. चार सेशन, ४१ फेऱ्या, पेडल सकाळी जिथे होतं संध्याकाळी तिथेच. सकाळच्या पहिल्या सेशनमधल्या त्याच्या चांगल्या फेरीपेक्षा शेवटची चांगली फेरी सात सेकंदांनी कमी. गाडीत त्या दिवसात बदललं ते फक्त हवेचं प्रेशर, म्हणजे सातातले सहा तरी त्याच्याच हातापायांचे. कुठून आले ते पण त्याला सांगता येत होतं, ब्रेक सरळ असतानाच उरकायला लागला, नजर बोनेटवरून उचलून वळण संपतं तिकडे न्यायला लागला, आणि ॲक्सिलरेटर झटक्यात सोडायचं बंद केलं. खर्च २९,०००, फेरीला ७०७ रुपये.

आता वही. गाडी कागदांसकट १,२४,५००, दुरुस्ती ४६,०००, सायलेन्सर-फिल्टर-कापाकापी ३४,०००, हेल्मेट १५,०००, पहिली वारी ३१,०००, स्प्रिंगा परत ४,०००, ब्रेक १३,५००, टायर १८,४००, सीट ८,०००, दुसरी वारी २९,०००. बेरीज ३,२३,४००. सायलेन्सर, कापाकापी आणि ती निस्तरण्याचे ३८,००० काढले तर २,८५,४००, म्हणजे बजेटमध्ये बसून वर टायरांची जोडी आली असती. ब्रेकचे साडेतेरा हजार डिसेंबरच्या आधी गेले असते तर पहिल्या वारीतही तीसेक फेऱ्या झाल्या असत्या. मी हे त्याला ऐकवलं तर म्हणतो, मामा, पण तू पण होतास ना तेव्हा. होतो.

जूनमध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली, रजिस्ट्रेशन पाच वर्षांनी वाढवायचं होतं. एप्रिल २०२२ पासून त्याची फी ५,००० झाली होती, वर पर्यावरण कर, आणि गाडी नेऊन दाखवायची, ती पण कंपनीने दिली तशी. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्टच सांगितलंय की मूळ स्पेसिफिकेशनला सोडून गाडीत बदल करता येत नाही. म्हणजे तो सायलेन्सर, तो फिल्टर, बकेट सीट, सगळं उतरवणं आलं. भाचा हवालदिल, ओरिजिनल सायलेन्सर तर दुकानवाल्याने भंगारात घातला असणार.

मिस्त्रींनी शिडी लावली आणि गॅरेजच्या माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेला सायलेन्सर आणि एअर फिल्टरचा डबा खाली काढला. त्या दुकानातून गाडी त्यांच्याकडे आली तेव्हाच हे दोन्ही डिकीत पडलेलं बघून त्यांनी उचलून ठेवलं होतं. "लागणार हुतंच," म्हणाले. त्या रात्री साडेदहापर्यंत आम्ही तिघं गाडीखाली होतो. सीटचा एक बोल्ट सापडेना, तो शेवटी भाच्याच्या खिशात निघाला. पासिंग झालं, २०२८ पर्यंत. मोठ्या पाइपचा सायलेन्सर आता त्याच गोणपाटात त्याच माळ्यावर आहे, भाच्याने पुढच्या कोइंबतूरच्या वेळीसुद्धा तो मागितला नाही, फक्त सीट मागितली.